मिंटीचं गाणं

बसमधून उतरून लुव्हेनियाने बॅग खाली ठेवली आणि पहिलं काय कानावर आलं, तर तिचाच आवाज. सगळी वस्ती जिला मावशी म्हणते त्या मोझेलच्या अंगणात शनिवारचे मासे तळायला घेतले होते. ओसरीवर ग्रामोफोन लावला होता आणि त्यातून ती स्वतः, लुव्हेनिया, जीव तोडून गात होती:

पाणी चढलं दाराशी, मिंटी होडीत चढली गं,
पाणी चढलं दाराशी, मिंटी होडीत चढली गं,
छपरावरती म्हातारी आई एकटी रडली गं.

पोरंसोरंसुद्धा सुरात सूर मिळवत होती. दुसरी कुणी असती तर मान ताठ करून अंगणात शिरली असती. हिने हॅट पुढे ओढली आणि कापसाच्या शेताच्या कडेकडेने बहिणीचं घर गाठलं. चोरासारखी आली म्हणा ना.

मिंटी तिची थोरली बहीण, हाडाची सुईण. निदान होती. आता बाळंतपणाला न्यायची काळी पिशवी दारात खुंटीला टांगलेली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती.

"व्हीनी! अगं, किती वाळलीस! शहरात खायला घालत नाहीत का? बस, मक्याची भाकरी गरम आहे."

शिव्या घालेल, दार लावून घेईल, काहीतरी करेल असं वाटलं होतं. भाकरी कसली वाढतेस बाई! लुव्हेनिया नुसते तुकडे मोडत बसली.

"हल्ली बोलावणी येत नाहीत?" तिने पिशवीकडे बघत विचारलं.

"येतात की. कधीमधी."

हे खोटं होतं. बायका काय म्हणतात ते गावातल्या गिटारवाल्या आयसमने लुव्हेनियाला मेम्फिसमध्ये हसत हसत सांगितलं होतं. सख्ख्या आईला पुरात टाकून गेली, ती आमच्या उशापायथ्याशी काय थांबणार? पुरानंतर जुनी वस्ती पांगली होती. आता राहत होती ती माणसं बाहेरून आलेली. त्यांना पूर माहीत होता तो तबकडीतला.

आणि तबकडीतला पूर खोटा होता. होडीत चढली होती लुव्हेनिया. मिंटी छपरावर आईला कवटाळून बसली होती आणि आई गारठून तिच्याच मांडीवर गेली.

असं नाव फिरवायला झालं तरी काय होतं? काही नाही हो, भित्रेपणा, दुसरं काय! मेम्फिसच्या हॉटेलातली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेली खोली, समोर आवाज टिपणारा कर्णा, मेणाच्या तबकडीवर सुई. कंपनीचा माणूस म्हणाला, "पुराचं काही आहे का? पुराचं फार खपतंय." होतं. कित्येक वर्षं ती ते मनातल्या मनात गुणगुणत होती, तोंडातून कधी काढलं नव्हतं. गायला लागली आणि स्वतःचं नाव आलं तिथे अडली. तबकडी तर फिरतेच आहे. मेलीच्या जिभेने बहिणीचं नाव पुढे केलं. पुन्हा गाते म्हणाली असती तर त्याने नवं मेण लावलं असतं. पण तो म्हणाला, "झकास!" आणि ही गप्प बसली. आपल्या आडगावात कोण ऐकतंय, असं तिला वाटलं. वाटून घेतलं तिने.

"मिंटी, मी आज सगळ्यांसमोर खरं गाणार आहे. त्यासाठीच आलेय."

"कशाला गं? जाऊ दे. गाण्यात काय, कुठलंही नाव बसतं." मिंटीने तिच्या ताटात आणखी एक तुकडा ठेवला. "मला ठाऊक आहे ना काय झालं ते. तू गेलीस ती मदत आणायला. होडीवाल्याला तू परत पाठवलंस, त्याला वाट सापडली नाही. सापडणार कशी? झाडं नाहीत, कुंपण नाही, नुसतं पाणी. आईला मी शेवटपर्यंत तेच सांगत होते, व्हीनी होडी पाठवतेय, आत्ता येईल बघ. त्या आशेवरच गेली बिचारी."

लुव्हेनियाने ताट बाजूला सारलं. लाजेने तिचे कान असे तापले की तिथे बसवेना.

"मी जाऊन येते," एवढंच म्हणाली आणि निघाली.

अंगणात तिला बघताच एकच गिल्ला झाला. "आली गं आली, तबकडीवाली आली!" मोझेल मावशीने पिठाच्या हातांनीच मिठी मारली. आयसमने गिटार उचलली. "गा बाई! मिंटीचं गाणं गा!"

तिने गायलं. नीट, सावकाश, एकेक शब्द उचलून: पाणी चढलं दाराशी, व्हीनी होडीत चढली गं...

आयसमची गिटार थांबली आणि तो खो खो हसत सुटला. "अगं, स्वतःचंच गाणं विसरलीस की! एवढी कुठे पिऊन आलीस?"

"विसरले नाही. तेच खरं आहे."

"काहीतरीच!" मागून कोणीतरी ओरडलं. "नीट गा, नाहीतर आम्ही तबकडी लावतो!"

"होडीत मी गेले होते. मिंटी आईजवळ राहिली होती. ऐका माझं!"

 मग मोझेल मावशीचे डोळे भरून आले. "बघा रे बघा! बहिणीचं पाप आपल्या डोक्यावर घेतेय. ह्याला म्हणतात रक्ताचं नातं! त्या मिंटीला आहे का काही त्याचं?"

टाळ्या पडल्या. अहो, चक्क टाळ्या! एका बाईने हुंदका दिला. कढईतला सगळ्यात मोठा मासा ताटलीत घालून लुव्हेनियाच्या हातात ठेवला गेला. ती खरं बोलत होती आणि तेवढीच त्यांच्या नजरेत मोठी होत होती, आणि तिथे नसलेली मिंटी आणखी खाली जात होती. आता काय सांगितलं म्हणजे ह्यांना पटेल? बहिणीला वाचवायला कोणी रचून सांगणार नाही असं एकच तिच्याकडे उरलं होतं. ते तिने आजवर देवालाही सांगितलं नव्हतं.

ताटली फेकून ती ओरडली, "अरे, होडीवाला बंधाऱ्यावर मला विचारत होता! मागे कोणी राहिलंय का, चल, वाट दाखव, म्हणाला! मला पुन्हा त्या पाण्यात जायचं नव्हतं. मी म्हटलं, कोणी नाही. तिथे कोणी नाही, म्हटलं! आणि गरम सूप पीत बसले!"

लोक गोंधळून एकमेकांकडे बघू लागले. आयसमने मान हलवली. "प्रवासाने डोकं फिरलंय बिचारीचं. बसवा तिला सावलीत." कुणीतरी ग्रामोफोनला किल्ली दिली. सुई खरखरली.

लुव्हेनियाने तोंड पुसत वळून पाहिलं. फाटकाशी मिंटी उभी होती. बहीण न जेवताच उठली म्हणून फडक्यात भाकरी बांधून ती मागोमाग आली होती. सगळ्या अंगणात लुव्हेनियाचं बोलणं खरं मानणारं तेवढं एकच माणूस होतं.

 फडकं मिंटीने फाटकाच्या खांबावर ठेवलं आणि पाठ फिरवली.

"मिंटी!" लुव्हेनियाने हाक मारली. पण तोवर तबकडीने सूर धरला होता. सगळं अंगण मिंटीचं नाव घेऊन गात होतं आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज लुव्हेनियाचाच होता.