राखेतली ज्वारी

“पुंजाजी काका, आपलं बियानं जमलं तिकडं,” खुर्चीवर बसता बसता अश्विन म्हणाला. “यंदा फुकट नाही, दुकानातून. तरी लायनी लागून राहिल्या. दुसरं बियानंच नाही न कोनाजवळ!”

तो हसला. मी चहा ठेवला. मूर्तिजापूरच्या या घरात आता चहा मलाच करावा लागतो.

गेल्या साली सरकारी मदतीतून आम्ही आफ्रिकेत, मलावीत, संकरित ज्वारी वाटली. अश्विन तिथला साहेब, मी त्याचा जुना शेतमदतनीस. अट एकच. जुनं बियाणं जमा करा, नवी पिशवी न्या. दोन्ही पेरलं तर भेसळ होते म्हणे. जमा झालेलं दळायला जायचं.

लिनेस नावाची म्हातारी मडकं घेऊन आली. मी हात घातला. राखेत ज्वारी. पंचफुला, माझी बायको, अशीच ठेवायची. हात आतच राहिला.

दुभाषी म्हणाला, “ती विचारते, पुढच्या वर्षी तुम्ही नाही आलात तर?”

आमच्याकडे संकरित आलं तेव्हा पंचफुलानंही हेच विचारलं होतं. “पुढल्या साली नाही आनलं त्यायनं, तं काय पेरसान? माह्यं डोस्कं?”

“सरकार हाये ते, येडे!” म्हणत मी तिचं मडकं कोंबड्यांपुढे ओतलं. संकरिताचं बी घरी धरता येत नाही; मग दर मृगाला नव्यासाठी दुकानाच्या दारात उभा राहिलो. ती रिकामं मडकं तेवढं दरसाल घासून फळीवर ठेवायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

“साहेब, हिचं ओतून झालं,” लिनेसच्या मडक्यातून हात काढत मी ओरडलो. “नाव लिहा, लिनेस. पिशवी द्या.”

तिला मराठी कळत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि भरलेलं मडकं रिकामं असल्यासारखं एका हातानं उचललं.

“तिकडं एका शिवारात जुनी ज्वारी दिसली म्हनतात,” अश्विन चहा फुंकत म्हणाला. “घरोघरी पाहा लागते. चला तुमी. राखेत हात घातला का ओळखता.”

“मले नाही होत आता.”

“काहून? कोनाच्या घरी असन, काही अंदाज?”

“कोनाच्याच नाही. साऱ्यायचं म्याच ओतलं.”

“बरं. यादी हाये माह्याजवळ. पिशवी नेली त्या एकेकीचं नाव हाये.”

तो गेला. लिनेसचं नाव मीच ओरडून सांगितलं होतं.

फळीवरून पंचफुलाचं मडकं काढलं. आत बोट फिरवलं. राखही नव्हती.