लपणीबाहेरचं माणूस

"आत्या, घरट्यातली अंडी तुझ्यामुळे मेली, हे खरं आहे का?"

प्रश्न माझा नव्हता. टाचणी आणि रेडिओ या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी मला पैज लावून तो विचारायला पाठवलं होतं आणि त्या दोघी बाहेर हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून पाय हलवत होत्या. रेडिओचे वडील पक्षिनिरीक्षकांच्या मंडळात आहेत. ते जेवताना बोलले, हिने ऐकलं, आणि रेडिओने ऐकलं म्हणजे वर्गाने ऐकलं. माझी आत्या एके काळी मंडळातली सगळ्यात चांगली फोटोग्राफर होती, पण एका हिवाळ्यात तिने बगळ्यांची घरटी उजाड केली आणि त्यानंतर ती मंडळाकडे फिरकली नाही, अशी ती बातमी. मी म्हटलं, काहीतरीच काय. टाचणी म्हणाली, मग विचार ना, का फाटली?

गेल्या वर्षी विचारलं नसतं. गेल्या वर्षी मला दुकानदाराकडे सुटे मागायलाही आईला पुढे करावं लागायचं. पण वक्तृत्व स्पर्धेत माईकसमोर उभी राहून बोलले, आणि तेव्हापासून माझं तोंड जे सुटलंय ते सुटलंय. आत्या मला भोंगा म्हणते.

एक्स-रेची खोली थंड आणि अर्धवट अंधारी असते. आत्या तिथली सगळ्यात जुनी टेक्निशियन. दिवसभर लोकांना सांगत असते, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. मी विचारलं तेव्हा ती शिशाचा जड एप्रन खुंटीला अडकवत होती. तिने तो नीट अडकवला, सुरकुत्या काढल्या.

"हो," ती म्हणाली. "आणखी काही?"

नाही म्हणाली असती, रागावली असती, हसली असती, या सगळ्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं. हो ला नव्हतं. तिने दार उघडून पुढच्या पेशंटला आत बोलावलं आणि हात गळ्यात बांधलेले एक आजोबा माझ्याकडे बघत आत आले. मी बाहेर जाऊन मैत्रिणींना सांगितलं, हो म्हणाली. रेडिओचे पाय हलायचे थांबले.

त्याच संध्याकाळी आत्या आमच्या घरी आली. खांद्यावर कॅमेऱ्याची काळी बॅग, हातात गुंडाळलेला मातकट तंबू. बाबा जेवणाच्या टेबलावर कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होते, कारण चष्म्याच्या दुकानातलं काम घरी आणायची त्यांना वाईट खोड आहे. आत्याने बॅग त्या बारक्या स्क्रूंच्या शेजारी ठेवली आणि म्हणाली, "भोंग्या, शाळेच्या प्रदर्शनासाठी तुझ्या सरांनी पक्ष्यांच्या फोटोंचा प्रकल्प दिलाय ना? हे तुझं. तुला नको असेल तर मंडळाला देऊन टाकते."

आई म्हणाली, अगं एवढं महागाचं कशाला. बाबा म्हणाले, ताई, घाई कशाला करतेस. कॅमेऱ्याचा पट्टा तर आधीच माझ्या गळ्यात होता. खोटं कशाला बोलू, मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

ती गेल्यावर बाबांनी काडी खाली ठेवली. म्हणाले, आतोबा गेले तेव्हापासून तिने हॉस्पिटल आणि घर, घर आणि हॉस्पिटल एवढंच ठेवलंय. ती बॅग कपाटात होती तोवर मला वाटायचं, एखाद्या हिवाळ्यात उचलेल. आता तीही घराबाहेर पडली, म्हणजे संपलं. हे बोलताना ते माझ्याकडे नाही, बॅगेकडे बघत होते. मी पट्टा गळ्यातून काढला, पण बॅग माझ्या खोलीत नेली.

जागा कशी शोधायची हे मात्र आत्याने मला जाता जाता जिन्यात सांगितलं होतं. पक्षी शोधू नकोस, पाणी शोध. घोट्याएवढं, तळाला चिखल असलेलं आणि माणसांना नकोसं वाटेल असं. सूर्य पाठीशी घे. आणि उभी राहू नकोस, बस, कारण वरून काढलेला पक्षी तुझ्या पायाशी पडलेल्या वस्तूसारखा दिसतो.

आम्ही तिघी सायकली घेऊन निघालो. आधी तलाव. तिथे पाणी होतं, सूर्य होता आणि पळणारी माणसं होती, त्यांची कुत्री होती आणि पाव टाकणारी एक बाई होती. बदकं इतकी माणसाळलेली की टाचणीच्या बुटाची नाडी ओढायला लागली. मग पुलाखालची नदी. तिथे आम्हाला एक टायर आणि एक अर्धी खुर्ची दिसली. रेडिओ म्हणाली, खुर्चीचाच फोटो काढ, दुर्मीळ प्रजाती आहे.

शेवटी, माणसांना नकोसं वाटेल असं, यावर मी विचार केला आणि आम्ही सांडपाणी शुद्धीकरण केंद्रामागे गेलो. नाकाला रुमाल बांधून. भिंतीच्या पलीकडे वापरात नसलेलं एक जुनं उथळ तळं आहे, त्याला मातीचा बांध आहे, बांधाच्या एका टोकाला पानं झडलेली उंच झाडं आहेत. आणि त्या घाण वासाच्या पाण्यात शेकाटे चालत होते, लाल काड्यांसारखे पाय एकेक उचलून, जणू फरशी ओली आहे आणि आई ओरडेल. छोटे तुतवार शेपट्या हलवत चिखल टोचत होते. एक चमचा पक्षी आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत होता, अगदी मन लावून. टाचणी आमच्यात सगळ्यात बोचरी, पण तीसुद्धा रुमालाआडून हळूच म्हणाली, कसलं भारी आहे हे.

रविवारी सकाळी मी गणिताच्या क्लासला दांडी मारली. घरी सांगितलं नाही. गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं, बोटं वाकत नव्हती. आम्ही बांधावर झाडांच्या बुंध्यापाशी तंबू उभा केला आणि तिघीही भिंतीपाशी परत आलो. अशा तंबूला लपण म्हणतात. आत एक माणूस मावतं आणि पुढच्या फटीतून लेन्स बाहेर काढता येते. मग मी एकटीच चालत गेले, आत शिरले, चेन ओढली. त्या दोघी लांब भिंतीशी बसल्या.

पाणी रिकामं झालं होतं, ते ठीक, मला वाटलं येतील परत. पण माझ्या डोक्यावरून पुन्हा पुन्हा सावली जात होती. फटीतून मान वाकडी करून वर पाहिलं, तर मोठे राखी बगळे फिरत होते, घशातून खरखरीत ओरडत, झाडावर उतरायला यायचे आणि पुन्हा वळायचे. फांद्यांवर काटक्यांचे ढीग होते. ते मी आदल्या दिवशीही पाहिले होते, पण मी सगळा वेळ खाली, पाण्यातल्या पक्ष्यांकडे बघत होते. वाऱ्याने अडकलेला कचरा असेल असं वाटलं होतं. आता कळलं, ती घरटी आहेत.

मी आत्याला फोन लावला. कुजबुजत सांगितलं.

"एकटी आत गेलीस?"

"हो."

"कुणी बाहेर पडलं का? त्यांनी कुणाला जाताना पाहिलं का?"

मला प्रश्नच कळला नाही. तिचा आवाज असा होता की मी कधी ऐकला नव्हता. म्हणाली, मैत्रिणींना फोन कर, त्यांना तुझ्यापर्यंत चालत येऊ दे, मग तिघी मिळून उघड्यावरून निघा आणि लांब जा. तंबू राहू दे. आत्ता.

आम्ही भिंतीपाशी पोचलो आणि वळून पाहिलं, तोवर पहिला बगळा फांदीवर उतरला होता. मान आत ओढून, पाय दुमडून, हळूहळू तो काटक्यांवर बसला. मग दुसरा. रेडिओने माझा हात धरला होता.

आत्या स्कूटरवरून आली, ड्युटीच्या पांढऱ्या कोटातच. आधी झाडांकडे पाहिलं, एकेक घरटं. मग माझ्याकडे. "आज क्लास नव्हता?" "होता." "हं."

मग ती बोलायला लागली, बगळ्यांवरची नजर न काढता. पक्ष्यांना मोजता येत नाही, म्हणाली. दोघं लपणीत गेले आणि एक हात हलवत निघून गेला, की त्यांना वाटतं माणूस गेलं. आतोबा तिच्यासोबत यायचे, तिला आत सोडायचे आणि मुद्दाम मोठ्याने खोकत, हात हलवत परत जायचे. दुपारी न्यायला यायचे. आतल्या माणसाने एकट्याने कधी बाहेर यायचं नाही हा नियम, कारण तंबूतून माणूस उगवताना दिसला तर पक्षी त्या तंबूवर पुन्हा कधी विश्वास ठेवत नाहीत. आतोबांनी स्वतः एकही फोटो काढला नाही. आत्याच्या भिंतीवरच्या प्रत्येक फोटोच्या वेळी ते रस्त्यावर कुठेतरी थर्मास घेऊन बसलेले असायचे.

"ते गेले त्या हिवाळ्यात मी एकटीच आले," ती म्हणाली. "आत शिरले. बगळ्यांनी आत जाताना पाहिलं, बाहेर जाताना कुणालाच पाहिलं नाही. ते समोरच्या काठावर उभे राहिले. परत येणार नाहीत हे मला कळलं होतं, भोंग्या. निघायला हवं होतं."

"मग?"

"मला न्यायला कुणी येईल याची वाट बघत बसले."

टाचणीने मान खाली घातली. आत्या म्हणाली, ऊन उतरेपर्यंत बसले. कोण येणार होतं? थंडी अशीच होती. अंडी गार पडली, मग कावळे आले. मंडळात लोक म्हणतात ते खोटं नाही.

पैज मी जिंकले होते आणि मला ती कुठेतरी फेकून द्यावीशी वाटत होती. मी म्हटलं, आत्या, तू जा आत. आम्ही सोडतो तुला, आम्हीच न्यायला येतो. ती हसली, पण नेहमीसारखं नाही. म्हणाली, आधी तर ही जागाच चूक. झाडं फार जवळ. लपण बांधाच्या त्या टोकाला हवी, तिथून पाण्यातलेही दिसतील आणि घरटीही, कुणाला त्रास न होता. हे सांगताना तिचा हात आपोआप डोळ्यापाशी गेला, बोटांची चौकट झाली, आणि माझं लक्ष आहे हे दिसताच तिने तो कोटाच्या खिशात घातला.

"तू एखाद्या रविवारी येशील," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी चाचणी, त्याच्या पुढच्या रविवारी सर्दी. त्यात तुझी चूक नाही, तुझं वय आहे. पण आत बसलेल्याला बाहेर कोण आहे याची खात्री लागते. माझी ती गेली. कॅमेरा तू वापर, नाहीतर मंडळाला दे."

बगळे थोडे सुस्तावल्यावर आम्ही चौघी मिळून गेलो आणि तंबू काढून आणला. आत्याने तो एकटीनेच गुंडाळला, पट्ट्या इतक्या घट्ट ओढल्या की पुन्हा कधी सोडायच्याच नाहीत जणू.

घरी पोचले तेव्हा क्लासच्या सरांचा फोन येऊन गेला होता. आई पोस्टात नोकरीला आहे आणि राग सहसा पोस्टातच ठेवून येते, पण आज रविवार होता आणि राग अगदी ताजा होता. दहावीचं वर्ष आहे, आता चिखलात खेळायचं वय आहे का, वक्तृत्वात बक्षीस मिळालं म्हणजे शिंगं फुटली का, असं बरंच काही झालं. मी सगळं ऐकून घेतलं. बाबा टेबलाशी भिंग डोळ्याला लावून बसले होते, पण त्यांच्या हातात चष्मा नव्हता.

मी कॅमेऱ्याची बॅग त्यांच्यासमोर ठेवली.

"मी हा घेणार नाही," मी म्हटलं. "प्रदर्शनात माझा फोटो नसला तरी चालेल. आणि रविवारचा क्लास मी सोडतेय. गणित बुडणार नाही, शनिवारच्या बॅचला जाईन, सरांशी मी स्वतः बोलेन. पण बगळ्यांची पिल्लं उडेपर्यंत दर रविवारी मी आत्याला लपणीत सोडायला जाणार आणि दुपारी न्यायला जाणार. चाचणी असली तरी आणि सर्दी झाली तरी. तिला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगतेय, कारण तिला सांगितल्यावर मला मागे फिरता येणार नाही."