डाव्या हाताची मूठ

मित्रांनो, माझ्या मुठीवर अंगठ्याच्या जागी एक खळी आहे. ज्या बाईच्या अंगठ्याने ती पडली, ती बाई आता नाही. मी स्क्वॉशची एक जुनी रॅकेट. माझी गोष्ट मला या खळीपासूनच सुरू करावी लागते, कारण त्याआधी माझं असं माझ्यात काही नव्हतं.

तसा माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. काळ्या धाग्यांच्या पट्ट्या साच्यात घालून तापवल्या, आणि आमच्यासारख्या शेकडो जणी एका दिवसात बाहेर पडल्या. सगळ्या सारख्याच. जहाजातून मी अलेक्झांड्रियाला आले आणि ट्रामच्या रस्त्यावर बुलुसकाकांच्या दुकानात खिळ्याला लटकले. बुलुसकाका रॅकेटी विकायचे आणि त्यांना तारा ओढून द्यायचे. खिळ्यावर मी दोन हिवाळे काढले. समुद्राच्या खाऱ्या हवेने खिळा गंजला, तरी मला कोणी हात लावला नाही.

मग एक दिवस इनायत आली. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिने आमच्यातल्या सहा जणी खाली काढल्या, एकेकीला मानेखाली एका बोटावर तोलून बघितलं आणि पाच परत टांगल्या. मला तिने तळहातावर आपटून कान लावला.

"हिला तारा घट्ट ओढा, काका," ती म्हणाली. "ताकद माझ्या हातात आहे. चेंडू सांगीन तिथे गेला पाहिजे."

ती डावखुरी होती. म्हणून बुलुसकाकांनी माझ्या मुठीची पट्टी उलटी गुंडाळली. पट्टीच्या कडा हाताच्या दाबाने खाली बसायला हव्यात. उजव्या हातासाठी पट्टी एका अंगाने वळतात, डाव्या हातासाठी दुसऱ्या. बघणाऱ्याला फरक कळत नाही. हाताला कळतो.

शुक्री तिचा नवरा. तो बंदरावर मालाच्या कचेरीत होता. सोमवारी आणि गुरुवारी, तिची शाळा आणि त्याची कचेरी सुटली की दोघं क्लबात यायची. लग्नाच्या आधीपासूनचा हा नेम. शुक्रीचा खेळ मधला. नवशिका म्हणावा तर नाही, सराईत म्हणावा तर तेही नाही. इनायत त्याला दर खेपेला हरवायची आणि वर बोलायची.

"शुक्री, तो चेंडू आहे, पाहुणा नाही. या, बसा, चहा घ्या, असं काय करतोस? मार!"

"मी विचार करत होतो."

"विचार कर, पण चेंडू गेल्यावर कर."

मग दोघं हसत बाहेर यायची आणि ट्रामच्या थांब्याजवळ कलेजीची सँडविच खायची. नऊ वर्षं मी त्यांच्याबरोबर होते. इनायत मला खेळ झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसायची. उन्हात तापलेल्या गाडीत तिने मला एकदाही टाकलं नाही. क्लबातल्या बायका मला हातात घेऊन विचारायच्या, "अशी कुठे मिळते गं?" ती म्हणायची, "अशी मिळत नाही. अशी होते." मला फार बरं वाटायचं.

एका उन्हाळ्याच्या शेवटी ती आजारी पडली. तीन महिने मी दाराच्या मागे होते. माझी मूठ आधी कोरडी पडली, मग कडक झाली. नोव्हेंबरातलं वादळ आलं. इथले कोळी त्याला झाडूचं वादळ म्हणतात. त्या वादळाच्या दुसऱ्या दिवशी घरात खूप माणसं आली, आणि खुर्च्या सरकवल्याचे आवाज सोडले तर कोणी बोलत नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी, शोकाचे दिवस संपताना, इनायतची बहीण सुहैर आली. तिने कपडे पिशव्यांत भरले आणि मलाही वरून खोचलं.

"क्लबात एखादी शिकणारी मुलगी असेल, तिला उपयोगी पडेल," ती म्हणाली. "घरात ठेवून काय करणार आहेस, शुक्री?"

शुक्रीने मला पिशवीतून काढलं. स्वतःची रॅकेट आणून माझ्या जागी ठेवली.

"ही दे. चांगली आहे."

"अरे, मग तू कशाने खेळणार?"

त्याने माझी मूठ धरली. उजव्या हाताने. "हिने."

तेव्हापासून मी त्याची झाले, म्हणजे झाले नाही. मित्रांनो, ते कसं ते सांगते.

चेंडू न घेता, एकट्याने, फटके मारल्यासारखं कोर्टभर धावायचं, असा या खेळात एक सराव असतो. खेळाडू थट्टेने त्याला भुताचा सराव म्हणतात. शुक्री रोज तो करू लागला. एक फटका हवेत मारायचा, उजवीकडे सरकायचा आणि थांबायचा. दुसऱ्याला एक फटका मारायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. मग पुढचा फटका.

तो उजवीकडे का सरकायचा, ते मला माहीत होतं. कोर्टाच्या मधून येणारा चेंडू इनायत डाव्या हाताने मारायची. तिचा हात मोकळा फिरावा म्हणून तो तिच्या पाठीमागून उजवीकडे जायचा. इतकी वर्षं तो दुसऱ्या कोणाशी खेळलाच नव्हता.

तो थांबायचा तेव्हा मला मुठीवर दोन हात जाणवायचे. एक उजवा, घामाने ओला, गच्च धरलेला. आणि एक डावा. जमिनीची लाकडी पट्टी समोर करकरायची, आणि तिथे पाय कोणाचाच नसायचा. मी खोटं सांगत नाही. खोटं सांगून रॅकेटीला काय मिळणार? ओल धरलेल्या दिवशी कोर्टाच्या भिंतींना घाम सुटतो. तशा एका दिवशी शुक्री त्या जागेकडे बघत राहिला आणि मी भिंतीवर जोरात आपटले. माझ्या चौकटीला केसाएवढी चीर पडली. ती त्याने पाहिली नाही. किंवा पाहिली आणि बोट फिरवून सोडून दिली.

क्लबातले लोक त्याच्याशी खेळायचं टाळू लागले. तो ऐन वेळी वाटेत यायचा. फक्त हिल्मी खेळायचा. हिल्मी दातांचा डॉक्टर, शुक्रीचा लहानपणापासूनचा मित्र. एका गुरुवारी मधला चेंडू आला, हिल्मीने उजवा हात मागे नेला, आणि शुक्री सवयीने उजवीकडे, थेट त्या हाताखाली गेला. भुवई फुटली. चार टाके पडले.

क्लबाचे शिक्षक कॅप्टन वगदी वयाने लहान, पण त्या दिवशी त्यांनी शुक्रीला समोर बसवलं.

"शुक्रीसाहेब, रागावू नका. तुम्ही अजून मॅडमना वाट देता. समोर हिल्मीसाहेब असतात."

कॅप्टननी माझ्याकडे बोट केलं.

"आधी स्वतःच्या हाताची रॅकेट घ्या. मग एक गेम खेळून दाखवा. त्या गेममध्ये हिल्मीसाहेबांना तीनदा हात थांबवावा लागला, तर मी तुम्हाला कोणाबरोबर कोर्टात सोडणार नाही. एकटे खेळा हवे तेवढे. मला कोणाचा डोळा जायला नको आहे."

एकटे खेळा. मला ते शब्द ऐकून भीती वाटली. एकटा खेळला तर तो माझ्याबरोबर त्या सरावातच राहणार होता, आणि तिथून त्याला बाहेर कोण बोलावणार होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही बुलुसकाकांकडे गेलो. काका म्हातारे झाले होते. त्यांनी टाके पाहिले.

"हिल्मीने मारलं?"

"मीच आडवा गेलो."

"डोळा वाचला. कुमारी मातेची कृपा." त्यांनी छातीवर क्रूस काढला, मला घेतलं आणि चौकटीवरून अंगठा फिरवला. चिरेवर अंगठा थांबला. त्यांनी मला फळीवर हलकेच ठोकलं. मी बद्द वाजले.

"ही गेली, पोरा."

"चालते अजून."

"चालत नाही. तू चालवतोस." काकांनी मला खाली ठेवलं. "चौकट चिरली आहे आणि तारा घट्ट आहेत. त्या आतून ओढत राहणार. अशीच ठेवलीस तर वर्षभरात ही स्वतःला ओढून ओढून वाकडी होईल. ठेवायची असेल तर तारा काप. मधल्या आधी."

"नको."

काका वाद घालत बसले नाहीत. "मग काय दाखवू? आणि कोणासाठी?"

"माझ्यासाठी. नवी."

"बघू, तसं वाटतंय का." काकांनी तीन रॅकेटी काढल्या. "नवशिक्याला देणं सोपं, देईन ती घेतो. सराईत येतो तोच ठरवून येतो. तुझ्यासारख्या मधल्या माणसाचं अवघड. त्याला थोडं कळतं, आणि ते थोडंच नडतं. ही बघ. अगदी हलकी. पण ही मनगटाने खेळणाऱ्याची, आणि तुझं मनगट म्हणजे गोदीतलं दोरखंड."

शुक्रीने ती मानेखाली एका बोटावर तोलली. इनायत तोलायची तशीच. "इनायतला आवडली नसती."

"बरं, ही घे. डोकं जड आहे. मागच्या भिंतीपासून चेंडू पुढे नेऊन टाकते."

त्याने ती तळहातावर आपटली, कान लावला. "हिचा आवाज तिला खपला नसता."

काकांनी तिसरी हातात धरूनच ठेवली. "पोरा, इनायतला काय आवडायचं ते मला ठाऊक आहे. ती दुकानात आली की तिच्याशी बोलेन मी. आज तू आला आहेस. डोळे मीट. हात फिरव. आणि तुझा खांदा काय म्हणतो, तेवढं सांग."

त्यांनी तिसरी शुक्रीच्या हातात दिली. रस्त्यावरून एक ट्राम गेली. मग त्याने डोळे मिटले आणि हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"ओढावी लागत नाही," तो म्हणाला. "आपली आपण येते."

"हं. वजन मध्यम, डोकं जरासं जड, तारांची जागा मोठी. चुकलेला फटका पोटात घालते. आणि तुझे निम्मे चुकतातच."

शुक्री हसला. तिच्यानंतर त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग तो म्हणाला, "हिची मूठ या जुनीसारखी वळा."

काकांचे हात थांबले. "तळवा दाखव."

शुक्रीने दाखवला. माझ्या पट्टीच्या कडा उजव्या हातात उलट्या उचकटायच्या. त्याच्या तळव्यावर फोड आले होते, फुटले होते, पुन्हा आले होते. ते माझ्यामुळे, मित्रांनो. मी काय करणार होते?

"वळून देईन," काका म्हणाले. "दुकानदार माणूस आहे मी. पण मग तुझ्याकडे तिच्या दोन रॅकेटी होतील, आणि तुझी एकही नाही."

शुक्रीने मला उचललं, परत ठेवलं. शेवटी म्हणाला, "उजव्या हाताची वळा."

काकांनी सावकाश पट्टी वळली. निघताना त्यांनी एक लहान टोकदार कात्री माझ्याबरोबर पिशवीत टाकली. "लागली तर असू दे. नाही लागली तर परत आण."

सोमवारी गेम ठरला. मला शुक्रीने कोर्टाच्या मागच्या काचेच्या भिंतीबाहेर बाकावर ठेवलं. कॅप्टन वगदी हाताची घडी घालून उभे होते. नवी रॅकेट चांगली होती. तिचा आवाज भरलेला होता. मला हेवा वाटला, लपवत नाही.

पाचव्या गुणाला चेंडू मधून आला. शुक्री उजवीकडे गेला. हिल्मीचा हात हवेत थांबला.

"एक," कॅप्टन म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"दोन."

"अरे बाबा, मी दातांचा डॉक्टर आहे," हिल्मी ओरडला. "या वयात मला भुवया शिवायला लावू नकोस!" तो हसत होता, पण दोन पावलं मागे सरकला होता. तो घाबरला होता.

शुक्री म्हणाला, "एक मिनिट दे," आणि बाहेर आला. तो माझ्याजवळ बसला. मला मांडीवर घेऊन त्याने खळीत आपला अंगठा ठेवला. तो तिथे बसत नव्हता. कधीच बसला नव्हता. दुसरा हातही आला. मला स्पष्ट जाणवला. उबदार, डावा, ओळखीचा हात.

"इनायत," तो हळूच म्हणाला, "मी आता दुसऱ्या बाजूने जाणार आहे."

त्याने पिशवीतून कात्री काढली आणि माझी अगदी मधली तार कापली.

मोठा आवाज झाला. कॅप्टन वगदींनी वळून पाहिलं आणि लगेच मान फिरवली. दुसरी तार, तिसरी, मग सगळ्या. दुखलं नाही. इतकी वर्षं माझं अंग चहूबाजूंनी आत ओढलेलं होतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मुठीवरचा डावा हात सुटला. कधी सुटला ते कळलं नाही.

शुक्री आत गेला. चार फटके, पाच फटके, आणि चेंडू पुन्हा मधून आला. त्याचा पाय उजवीकडे उचलला गेला होता. तो तसाच अर्धा अडला. मग शुक्री डावीकडे गेला.

हिल्मीचा हात थांबला नाही. पूर्ण फिरला. चेंडू समोरच्या कोपऱ्यात खाली लागला आणि मेला. गुण हिल्मीचा झाला.

"मार की रे असंच!" शुक्री ओरडला. "घाबरतोस कशाला?"

इनायतची जागा रिकामी होती. मी बराच वेळ तिकडे बघत होते. तिथली पट्टी करकरली नाही.

आता मी शुक्रीच्या घरी दाराच्या मागे असते. मधून वारा जातो. शुक्री सोमवारी आणि गुरुवारी नवी रॅकेट घेऊन बाहेर पडतो, बहुतेक वेळा हरून येतो. कधी कधी जाताना तो माझ्या चौकटीला बोट लावतो. कधी विसरतो. विसरला तरी चालतं.

मित्रांनो, आपल्या वस्तू कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका. नवी घ्याल ती आपल्या हाताची घ्या. आणि वस्तू मागे ठेवून तिचं माणूस गेलं, तर ती लगेच देऊन टाकू नका, पण तिला ताणातही ठेवू नका. तारा कापा. मधल्या तारेपासून सुरुवात करा.