उजेड पाडला

भर दुपारी मेहुण्याने पडदे ओढले आणि जाहीर केलं, "रात्र झाली!" जेवणाच्या टेबलावर निळी चादर अंथरलेली होती, तो समुद्र. त्यावर दोघांची लाकडी जहाजं आणि समोर दाजी, म्हणजे त्याच्या बहिणीचे यजमान.

दाजींचं चष्म्याचं दुकान. निम्म्या शहराच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या या गृहस्थांना हल्ली स्वतःला मात्र कमी उजेडात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. चष्मेवालाच आंधळा म्हटल्यावर गिऱ्हाईक काय दुकानातली हवा खायला येणार? शिवाय बायको गाडी चालवू देणार नाही, ते वेगळंच.

मेहुणा वीज कंपनीत नोकरीला, त्यामुळे अंधार हा त्याचा हातखंडा विषय. रात्रीचे नियम त्याने स्वतः बनवले होते. "फासा टाकायचा. जितके ठिपके, तितक्या विती दिसतं. सर्चलाइट लावला तर लांबचंही दिसतं, पण लावणारा सगळ्यांना दिसतो. आणि लावताना मोठ्याने म्हणायचं, 'उजेड पाडला!' नाही म्हटलं, तर दिवा लागलाच नाही."

"ऑफिसातही रोज असंच ओरडतोस का रे?"

"दाजी, फासा टाका."

आपला फासा आपणच वाचायचा, ही या घरातली जुनी रीत. दाजींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यांनी फासा टाकला, त्या पांढऱ्या ठिगळाकडे गंभीरपणे पाहिलं आणि बेताने म्हणाले, "पाच." मेहुण्याने भुवई उंचावली. मोठ्या माणसाला काय बोलणार!

पुढच्या डावाला दाजींना चेव चढला. "उजेड पाडला!" ते गरजले. मेहुण्याचं जहाज बुडवायला आता फाशावर सहाच हवे होते. फासा घरंगळला. "सहा!"

मेहुणा टेबलावर आडवा झाला. "चार आहेत, दाजी. आणि मघाशी पाच नव्हते, तीन होते!" त्याचा आवाज चढला. "म्हणजे इतकी वर्षं मी हरतोय ते असं होय? ताई, बाहेर ये! तुझा नवरा चीटिंग करतो!"

दाजींनी आजवर खेळात कधी लबाडी केली नव्हती, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. तो त्यांनी क्षणात गिळला. "केली," ते म्हणाले. "चीटिंग केली. झालं समाधान?"

मेहुण्याला इतका आनंद त्याच्या बढतीच्या दिवशीही झाला नसेल.

बायको हातातलं शिवण घेऊन दारात उभी होती. ती आत आली, टेबलावरचा फासा उचलला, क्षणभर पाठ फिरवली आणि उघडा तळहात नवऱ्यापुढे धरला.

"हे किती?"

दाजींनी मान पुढे केली. "पाच."

मेहुणा पाहायला वाकला आणि त्याचं हसू विरलं. बहिणीच्या तळहातावर कोटाचं पांढरं बटण होतं.

"चीटिंग करायला आधी ठिपके दिसावे लागतात," ती म्हणाली. रागाने नाही, रागावली असती तर बरं झालं असतं, असं दाजींना वाटलं. तिने बटण बाजूला ठेवलं, पण हात तसाच पुढे राहिला.

दाजींनी खिशातून गाडीची किल्ली काढून त्या हातावर ठेवली. दुकानाची तिने मागितली नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी तीही ठेवली.