संदर्भ क्रमांक आठ

“हे सात नंबरला कोण?” मी संदर्भांच्या यादीवर बोट ठेवून विचारलं.

“एआय आहे, दादाजी. त्याची मदत घेतली तर नाव, तारीख, काय विचारलं, सगळं लिहावं लागतं. कॉलेजचा नियम आहे,” आरफा म्हणाली.

माझी नात जुन्नरच्या हातकागदावर प्रकल्प लिहीत होती. आमच्या घराण्याचा तो धंदा. लहानपणी मी बापाबरोबर लगदा कालवला, पण अक्षर शिकलो ते पन्नाशी उलटल्यावर. तेव्हापासून हाती येईल ते बोट फिरवत वाचतो.

सात नंबरचं वाक्य शोधलं. ‘ओला कागद चुन्याच्या भिंतीला चिकटवून वाळवत.’

“हे तर मी सांगितलं. तुझं मशीन तर ‘दोरीवर वाळवत’ म्हणत व्हतं!”

“सर म्हणाले, घरच्यांचं बोलणं संदर्भात चालत नाही. तुमचं नाव काढायला लावलं, मग तिथे सात टाकला.” तिने मान खाली घातली. “आजच द्यायचंय. राहू द्या ना.”

“चप्पल घाल.”

कॉलेजात गेलो. सर भला माणूस निघाला. खुर्ची दिली, चहा मागवला.

“चाचा, तुमचं कुठे छापलेलं नाही. पडताळायचं कसं?”

“मशीनचं पडताळलं का?”

“त्याला नियम आहे. काय विचारलं, कधी विचारलं, लिहिलं की झालं.”

“मंग मलाबी विचारलंय. रविवारी, जेवताना. टाका तारीख.”

दारातली पोरं हसली. “चाचा, तुमी कुठलं व्हर्जन?”

“अठ्ठ्याहत्तर. अपडेट व्हत न्हाई.”

सर मात्र हसले नाहीत. “छापील पुरावा लागतो हो.”

“छापायला कागद आमच्या घरातून जायचा, साहेब. वर नाव दुसऱ्याचंच असायचं. तवा मला वाचता येत नव्हतं. आता येतं.”

आरफाने पेन माझ्यापुढे धरलं. “लिहा, दादाजी. मार्क गेले तर जाऊ द्या.”

वाक्याशेजारचा सात खोडून मी आठ केला. यादीतला सात राहू दिला. त्यालाही विचारलं होतंच. त्याखाली लिहिलं: राजमहंमद कागदी, जुन्नर. पुढे रविवारची तारीख. वेळ लागला.

सरांनी पान उचलून उजेडात धरलं. कागद पातळ होता. माझं नाव मागच्या बाजूने उलटं दिसत होतं. त्यांनी ते पान तसंच आरफाच्या प्रकल्पात ठेवलं आणि वर कॉलेजचा शिक्का मारला.

“आमच्या कागदातून शाई अशी फुटायची न्हाई,” मी म्हणालो आणि चहा संपवला.