सातवं अंडं

मी पातेली बोलतेय. लाल इनॅमलची, अंगावर पांढरे ठिपके, कानाशी एक टवका उडालेला. आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर विश्वास नाही. तुम्ही ऐकायला बसलात म्हणून तुमच्यावर तरी का ठेवावा?

आम्ही पाच भावंडं, एकात एक बसणारी. भट्टीतून निघालो आणि मोरावा नदीकाठच्या एका लग्नात आहेर म्हणून आलो. नवरीचं नाव विदोसावा. मी सगळ्यांत धाकटी, म्हणून सगळ्यांत आत. भरल्या घरात धाकट्या पातेलीला कोण विचारतं? तान्ह्या यास्नाचं दूध कोमट करायचं झालं की बाहेर, नाहीतर आपली चार भावंडांच्या पोटात, अंधारात. तिथे बसून मी माणसांचं बोलणं ऐकायला शिकले. मला कुणी काही शिकवलं नाही. जे कळलं ते जाळावर कळलं.

मग घर रिकामं होत गेलं. सासू-सासरे गेले. यास्ना लग्न करून परदेशी, लिंझला गेली. नवरा मिलोये एका हिवाळ्यात गेला. घर रिकामं होत गेलं तशी मी वर येत गेले. एका भावंडात विदोसावाने फुलझाड लावलं, एक कोंबड्यांच्या पाण्याला गेलं, एक गळकं निघालं, आणि थोरलं माळ्यावर जाऊन पडलं. चुलीवर राज्य माझं. एकट्या बाईच्या घरात असंच असतं.

तिचा स्वयंपाक म्हणजे मूठभर पांढरा राजमा, एक बटाटा, अर्धा कांदा, वर लाल मिरचीची पूड. उरलेला अर्धा कांदा उद्याला. वसंतात हाताची आग करणाऱ्या रानपाल्याची भाजी, श्रावणासारखं आभाळ भरून आलं की पॅनकेकचं पीठ कालवायला मी, शरदात आलुबुखारांचा मुरांबा, थंडीत मक्याच्या लाह्या. अक्रोडाच्या हिरव्या साली उकळून ती माझ्यातच लोकर रंगवायची आणि मोजे विणायची. मेणबत्त्यांचं मेणही माझ्यातच वितळायचं. मग मला राखेने घासता घासता बोलायची. ऐकायला दुसरं होतं कोण?

आणि बोलायची काय, तर संशय. पोस्टमनने दार वाजवलं तर आधी पडद्याआडून बघायची. कोंबडीने अंडं दिलं नाही तर गल्लीतल्या बायकांवर डोळे वटारायची. मी तिच्याच हाताखाली वाढले, मग माझा स्वभाव वेगळा कसा होणार?

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या घरात ओब्राद राहायला आला. डोंगराकडचा माणूस, बायको वारलेली, दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर खूप. सोबत ठिपक्याठिपक्यांच्या गिनी कोंबड्या घेऊन आला. गंजलेल्या हापशासारख्या दिवसभर ओरडायच्या.

"याचा डोळा आपल्या आलुबुखारांच्या बागेवर आहे," विदोसावा मला ढवळता ढवळता म्हणायची. "उगाच नाही कुंपणाशी रेंगाळत. बघशील तू."

मीही बघत होते.

गेल्या वर्षी ईस्टरच्या तोंडावर कोल्ह्याने तिच्या सगळ्या कोंबड्या नेल्या. पवित्र शुक्रवार, अंडी रंगवायचा दिवस, आणि घरात एक अंडं नाही. सकाळी ओब्राद कुंपणाशी आला. हातात फडक्याची पुरचुंडी.

"शेजारीणबाई, अंडी."

"कशाबद्दल?"

"सण आहे म्हणून."

"आणि बदल्यात काय हवं?"

"काही नको."

"काही नको म्हणणारी माणसंच शेवटी सगळं मागतात," ती म्हणाली. पण पुरचुंडी घेतली. ओब्रादने टोपी सारखी केली आणि गेला.

पुरचुंडीत सात अंडी होती. सहा चांगली भरली-थोरली. सातवं बारकं, एका टोकाला निमुळतं. विदोसावाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिने ते बोटांनी चाचपलं. "तलंगीचं असेल," म्हणाली, "पहिल्या वेळचं." आणि माझ्यात सोडलं. माझ्या बुडाला टण्ण वाजलं. दगड पडल्यासारखं. मी तेव्हाच म्हटलं, याच्यात काहीतरी आहे.

तिने नेहमीसारखं सगळं केलं. प्रत्येक अंड्यावर तिपतियाचं कोवळं पान चिकटवलं, जुन्या पायमोज्याच्या तुकड्यात घट्ट बांधलं आणि वर्षभर साठवलेल्या कांद्याच्या सालींत उकळलं. मोजा सोडला की तांबूस अंड्यावर पानाची फिकी नक्षी. माझ्या पोटातला हा तपकिरी डाग त्याच सालींचा. कितीही घासा, जात नाही.

जे अंडं पहिलं बाहेर निघतं ते घराचं राखणदार. ते खायचं नाही, खेळायचं नाही, फोडायचं नाही. वर्षभर देवाच्या तसबिरीखाली ठेवायचं. पुढच्या ईस्टरला नवं आलं की जुन्याचं काम संपलं, मग ते बागेत पुरून टाकायचं. त्या दिवशी पळीत पहिलं आलं ते नेमकं सातवं. तिने त्याच्यावर ओळखीची काजळीची रेघ ओढली आणि ते वेगळ्या बशीत ठेवलं.

रविवारी सकाळी चर्चला निघायची गडबड, आणि त्यात लिंझहून यास्नाचा फोन.

"आई, इकडे ये आता. तिथे आहे कोण तुझं?"

"पातेली आहे," विदोसावा म्हणाली आणि फोन मानेत धरून, कोवळ्या गव्हाच्या गवतावर अंडी माझ्यात रचू लागली. टोपलीपेक्षा तिला मीच बरी वाटते. यास्ना बोलत होती, ही हो-हो करत होती, आणि दोन्ही बशा माझ्यात रिकाम्या झाल्या. राखणदारसुद्धा. मी बघितलं. पण पातेलीला ओरडता येत नाही.

चर्चच्या अंगणात प्रार्थना संपली की अंड्यांची टक्कर. एकाने अंडं मुठीत धरायचं, दुसऱ्याने टोकाने टोक ठोकायचं. ज्याचं फुटलं त्याने ते जिंकणाऱ्याला द्यायचं. लहान पोरांपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे खेळतात, आणि सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात. अंडं दातावर वाजवून कवच जोखतात. कारण गिनी कोंबडीचं अंडं कठीण असतं. ते आत सरकवून कुणी मैदान मारलं की लबाड म्हणून त्याचं नाव वर्षभर गावाच्या तोंडी.

विदोसावाची जाऊ मिलुंका दरवर्षी जिंकायची. त्या दिवशी विदोसावाने माझ्यात हात घातला, हाताला येईल ते अंडं उचललं, आणि एकामागून एक सगळ्यांची फोडली. शेवटी मिलुंकाचंही.

मिलुंकाने कंबरेवर हात ठेवले. "बघू गं जाऊबाई ते अंडं."

"कशाला?"

"फोड ना. आमच्याही डोळ्यांना दिसू दे कुठल्या कोंबडीचं ते."

विदोसावाने मूठ उघडली, अंडं डोळ्यांजवळ नेलं, आणि तिचा चेहरा उतरला. वर काजळीची रेघ होती. हे तर राखणदार. राखणदार फोडायचं म्हणजे आपल्या हाताने आपल्या घरावर घाव घालायचा. आणि राखणदार खेळायला आणलं हे कबूल कोणत्या तोंडाने करायचं?

"नाही फोडणार," ती म्हणाली.

"ऐकलंत सगळ्यांनी? नाही फोडणार!" मिलुंका म्हणाली. "शेजारी गिनी कोंबड्या, आणि बाईसाहेबांचं अंडं लोखंडाचं!"

लोक हसले. ओब्राद फाटकाजवळ टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने खाली मान घातली. एक शब्द बोलला नाही. मी ते लक्षात ठेवलं.

विदोसावाने मला उचललं आणि सरळ घरी आली. अंडं तसबिरीखाली ठेवलं. "राहा तिथे वर्षभर," त्याला म्हणाली. "ईस्टर आला की सगळ्यांसमोर फोडीन. साध्या कोंबडीचं निघालं की मग बघते मिलुंकाला."

ते वर्ष फार लांबलं. शरदात गल्लीतल्या बायका एकत्र बसून मिरच्या भाजतात, सोलतात, चटणी घोटतात. तिला कुणी हाक मारली नाही. तिने चार मिरच्या माझ्यात शिजवल्या, कुस्करल्या, एक बरणी भरली. मग डिसेंबरात तिच्या घराण्याच्या संताचा दिवस आला, संत निकोलाचा. या दिवसाला कुणाला बोलावायचं नसतं. ज्यांना यायचं ते आपणहून येतात. त्यामुळे कोण आलं नाही तेही सगळ्या गावाला कळतं. तिने माझ्यात गहू शिजवला, अक्रोड-साखर घालून त्याची रास केली, मासा तळला, टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या आणि दाराकडे तोंड करून बसली.

पाद्रीबाबा गव्हावर प्रार्थना म्हणून गेले. मग दुपार झाली. मग मेणबत्ती अर्धी झाली. शेवटी दाराशी एकटा ओब्राद, हातात वाइनची बाटली.

"आलात?" ती म्हणाली. "या. उभे का?"

तो चमचाभर गहू खाऊन, ग्लासभर वाइन पिऊन बसून राहिला. काहीतरी बोलायला दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. याच्या मनात काय आहे? मी फळीवरून टक लावून बघत होते. तो गेल्यावर तिने खुर्च्या परत भिंतीला लावल्या आणि यास्नाला फोन केला.

"ईस्टरला अंडं फोडते. खरी ठरले तर इथेच मरेन. नाही ठरले तर तुझ्याकडे येते. इथे तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

माझ्या बुडाखाली जाळ नव्हता, तरी मला चटका बसला. कारण मला ठाऊक होतं ते अंडं कसं वाजलं होतं. तिला ठाऊक नव्हतं. लिंझला म्हणे काचेच्या शेगड्या असतात. टवके उडालेल्या पातेलीला तिथे कोण घेऊन जातंय?

या वर्षीचा ईस्टर आला. तिने नव्या कोंबड्यांची अंडी रंगवली, नवं राखणदार तसबिरीखाली ठेवलं, जुनं रुमालात बांधलं. मला नव्या अंड्यांनी भरलं. अंगणात शिरलो तशी माणसं बाजूला झाली. जागा दिली की टाळलं, कोण सांगणार.

"आलीस?" मिलुंका म्हणाली. "या वर्षी कुठलं आणलंस, शहामृगाचं?"

"गेल्या वर्षीचंच आणलंय. त्याची राखण संपली. आता फोडायला मोकळी आहे." विदोसावाने रुमाल सोडला. "ते राखणदार होतं, मिलुंका. घाईत चुकून आणलं, म्हणून फोडलं नाही. आता बघा सगळे. नाक धरायचं त्याने धरा."

तिने ते दगडी पायरीवर आपटलं. एकदा फुटेना. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा फुटलं. वास नाही, काही नाही. आतला बलक सुकून खडा झालेला. पण कवच! मिलुंकाने एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"काय ही जाडी! गिनीचंच! मी काय म्हणत होते?"

विदोसावाने तुकडा हातात घेतला, अंगठ्याने चाचपला. तिची मान खाली गेली. तशी मी कधी बघितली नव्हती.

"खरं आहे," ती म्हणाली. "डोळ्यांत मोतीबिंदू, मला कळलं नव्हतं. पण खेळले ते याच अंड्याने. घ्या, आपापलं अंडं परत घ्या." आणि मला पुढे करून एकेकाच्या हातात एकेक रंगीत अंडं ठेवू लागली. माझं पोट हलकं होत चाललं होतं. मला दिसत होती लिंझची गाडी.

"थांबा," फाटकाजवळून आवाज आला. ओब्राद. टोपी काढून पुढे आला. "ते अंडं मी दिलं होतं."

"तुम्ही?"

"माझ्या साध्या कोंबड्यांची सहाच होती. सहा कशी द्यायची? जोडीने मोजून फुलं न्यायची ती कबरीवर. गेली कित्येक वर्षं मी तसंच मोजून नेतोय." त्याने टोपी मुठीत चुरगळली. "जिवंत बाईच्या हातात सम आकडा ठेवायला मन होईना. म्हणून खुराड्यातून एक गिनीचं घातलं. विषम व्हावं म्हणून. दुसरं काही नव्हतं मनात."

अंगणात कुणी हसलं नाही. मिलुंकालाच पहिली वाचा फुटली. "आणि हे सांगायला वर्ष लागलं? तोंडात काय धरलं होतंत?"

"मला वाटलं, यांनी अंडं ओळखलंच असणार. बोटाला कळतं ना. मला वाटलं, मुद्दाम खेळल्या. मी बोललो असतो तर यांची लबाडी माझ्या तोंडून उघड झाली असती. आज कळलं, मोतीबिंदू आहे आणि राखणदार होतं ते."

विदोसावाची मान वर आली. "म्हणजे वर्षभर तूही मला लबाड समजत होतास?"

वर्षभर 'तुम्ही' म्हणणारी बाई 'तू'वर आली. मी कान टवकारले.

"हो," तो म्हणाला.

"आणि तरी संताच्या दिवशी आलास?"

"आलो."

"आणि मी समजत होते, तुला माझी बाग हवी आहे."

"मला आलुबुखार सोसत नाहीत. पोट बिघडतं."

आता मात्र लोक हसले. मिलुंकासुद्धा, तोंड फिरवून का होईना. मग तिने हातातलं अंडं माझ्यात परत टाकलं. "ठेव तुझं. पण जाऊबाई, डोळ्यांचं ऑपरेशन करून घे. पुढच्या वर्षी मला डोळस बाईला हरवायचंय." तिच्यामागून आणखी दोघीतिघींनी परत टाकलं.

विदोसावाने माझ्यातलं एक अंडं उचललं आणि ओब्रादपुढे मूठ धरली. "ठोक."

त्याने खिशातून आपलं काढलं आणि ठोकलं. तिचं फुटलं.

ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. "फोड ते," म्हणाली. "मला बघायचंय."

त्याने फोडलं. साध्या कोंबडीचं निघालं. तरी तिने कवच दोन बोटांत धरून तपासलं, मगच मीठ मागितलं.

लिंझ राहिलं. डोळ्यांचं झालं, आता तिला माझे टवके दिसतात, आणि ती दिवसातून एकदा त्यांच्यावरून बोलते. काल तिने शिडी लावून माळ्यावरून थोरलं पातेलं खाली काढलं. मी घाबरून फळीला चिकटले. पण संत निकोलाचा दिवस जवळ आलाय, आणि यंदा माणसं येणार असं तिला वाटतंय. ओब्राद तर रोजच येतो, कधी लाकडं घेऊन, कधी नुसताच. मी त्याच्यावर नजर ठेवून आहे. काय सांगावं.

दोन माणसांचा राजमा माझ्यात मावत नाही. कळतंय मला. ज्यांच्या घरी माणसं आहेत त्यांनी सुखाने मोठी भांडी काढावीत. फक्त तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी धाकटी असेल, जिने तुमचे एकटे दिवस शिजवले असतील, तर तिला पुन्हा सगळ्यांच्या पोटात अंधारात ढकलू नका. खिळ्याला टांगा, पण उजेडात.

थोरल्याला पुसून ठेवल्यावर तिने मला हातात घेतलं आणि कांद्याच्या साली असलेली पिशवी माझ्या कानाला अडकवली.

"बाकीची अंडी त्याच्यात उकळीन," ती म्हणाली. "पहिलं तुझ्यातच."

बघू.