दुरुस्त केलेला उतार

माझा धाकटा भाऊ विश्वेश घरच्या संगणकावर, रेल्वे चालवायच्या सिम्युलेटरवर इगतपुरी-कसारा घाटाचा नवा रूट महिनाभर चालवत होता. त्यातले बोगदे, धुकं, सिग्नल हुबेहूब होते. उतार मात्र, मी रेल्वेच्या आकड्यांशी ताडून पाहिला तेव्हा, खऱ्याच्या निम्माच निघाला. सोमवारपासून तो त्याच घाटात खऱ्या गाडीवर शिकाऊ चालक म्हणून जाणार होता.

"ताई, डोळे मिटून थांबवतो बघ गाडी!"

मी त्याला न सांगता रूटच्या फाइलमध्ये खरा उतार भरला.

त्याने नेहमीच्या खांबापाशी ब्रेक लावला. वेग उतरेना. लाल सिग्नल मागे गेला. समोर उभ्या मालगाडीचा शेवटचा डबा मोठा होत आला.

"ताई, थांबत नाहीये गं!"

पडदा काळा झाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "खरा उतार असाच आहे," मी सांगितलं.

"परत सुरुवातीपासून लाव," तो पुटपुटला आणि उतार सुरू होण्याआधी, इगतपुरी स्टेशनातच ब्रेक घट्ट धरून बसला.